रोजचे बारा किलो

आमच्या घरामागच्या मक्यात जमिनीत एक काटा पुरलेला आहे. धान्याचा काटा, भंगाराचा काटा लोकांना माहीत असतो, हा मातीचा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि माणूसभर खोल अशी लोखंडी टाकी, तिच्यात शेतातलीच माती, मातीवर शेतातलाच मका आणि सगळ्याच्या खाली तराजू. वरून बघाल तर टाकीची बोटभर कड तेवढी दिसते. शेजारी एक झाकण आहे, ते उचललं की शिडी, आणि शिडीच्या खाली जेमतेम उभं राहण्यापुरती खोली. तिथं तराजूची दांडी आहे. दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं, दांडी सरळ झाली की आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि फोनवरून कळवायचा. कालच्या सकाळपेक्षा आज जितके किलो कमी भरले, तितकं पाणी चोवीस तासांत मातीतून आणि पानांतून हवेत गेलं, असा तो सरळ हिशेब आहे.

त्या आकड्याचं पुढं काय होतं हे मला बरीच वर्षं नीट ठाऊक नव्हतं. शहरातल्या कार्यालयात एक मॅडम आहेत, आम्ही त्यांना हवावाल्या मॅडम म्हणतो. ऊन किती, वारा किती, हवा किती कोरडी हे सगळं त्या संगणकात घालतात, त्यात आमचा काटा मिळवतात आणि कालव्याखालच्या तीनशे शेतांतलं पाणी किती उडालं ते काढतात. त्यावरून पाण्याची पुढची पाळी कधी सोडायची ते पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्याला, लिहून येतं. म्हणजे टाकीतल्या मूठभर मक्याला तहान लागली की तीनशे शेतांना पाणी मिळायचं.

आमच्या ह्यांनी एकोणीस वर्षं तो काटा वाचला. बोलण्यात कंजूष माणूस. घरात मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत, पण काट्यावरून वाद निघाला तर ऐकून घ्यायचे नाहीत. जेवढं गेलं तेवढंच लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून मी हजारदा ऐकलं असेल.

मका गुडघ्याएवढा असताना ते गेले. भर दुपारी टाकीतल्या मातीच्या भेगा बुजवत होते. उन्हानं भोवळ आली असणार, तिथंच टाकीवर पालथे पडले. मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. तेव्हा काट्याला कागदाचं यंत्र जोडलेलं होतं, वजन वाढलं की त्याचं पेन रेघ वर ओढायचं. नंतर मॅडमनी तो कागद बघितला आणि आम्हाला सांगितलं, एक वाजून दहा मिनिटांनी रेघ एकदम अडुसष्ट किलोनं वर गेली आणि पुढची चाळीस मिनिटं तिथंच सरळ राहिली. जराही हलली नाही. मॅडम मनानं चांगल्या आहेत, पण आकडा हाती आला की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी "चाळीस?" असं एकदाच विचारलं आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

त्याच आठवड्यात ते कागदाचं यंत्र बिघडलं, दुरुस्तीला गेलं ते परत आलंच नाही. काटा वाचायला मात्र माणूस हवा होता. मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला जमेल का. मी जमेल म्हटलं. ह्यांच्या मागे शंभरदा शिडी उतरले होते, दांडी कशी सरळ होते ते डोळ्यांना पाठ होतं. शिवाय राहत्या दोन खोल्या त्या कामापायी मिळालेल्या. मी आणि सासूबाई कुठं जाणार होतो?

पहिल्याच दिवसापासून माझा आकडा ह्यांच्या आकड्याशी जुळेना.

ह्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोज बावीस-तेवीस किलो उणे होते. मका वाढेल तसा आकडा वाढायचा, मागच्या वर्षीच्या वहीत पुढच्या दिवसांत तीस-तीस किलो जात होते. माझे आधी अकरा भरले. मका खांद्याला लागला तेव्हा कुठं अठरा झाले. मला वाटलं, माझंच वाचन चुकतंय. डोळे पुसून वाचलं, दिवा जवळ धरून वाचलं, वजन मागं नेऊन पुन्हा पुढं आणलं. आकडा तोच.

मग एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, मी खाली जाऊन एक जास्तीचं वाचन घेतलं. सकाळी पुन्हा वाचलं. रात्रीत वजन उतरेल थोडंफार, नाहीतर तिथंच राहील अशी माझी समजूत. ते बारा किलोनं वाढलं होतं.

मी शिडीला धरून उभी राहिले. पावसाचा पत्ता नव्हता. दव म्हणावं तर वारा असा कोरडा की ओठ फुटत होते, आणि भरपूर दव पडलं तरी टाकीवर किलो दीड किलो, त्याहून जास्त नाही, हे ह्यांनीच मला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. पुन्हा बारा. तिसऱ्या दिवशीही बारा.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते आता लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, हे येतात.

बारा किलो म्हणजे काही माणसाचं वजन नव्हे, तेवढी अक्कल मला होती. पण गेलेल्या माणसाचं किती उरतं, हे कुणी मोजलंय? ज्या मातीवर ते पडले त्याच मातीत रोज रात्रीतून बारा किलो भर पडते, ना कमी ना जास्त, म्हटल्यावर मी दुसरं काय समजायचं होतं. ह्यांचं सगळंच तसं मोजून मापून असायचं. मी खाली जाण्याआधी केस नीट करायला लागले. खोलीत थंडावा असायचा, ओल्या मातीचा आणि गंजाचा वास यायचा, आणि कानाशी लोखंडापलीकडं आठ टन माती गप्प उभी असायची. मी दांडी सरळ करायची, बारा किलो आले की जिवाला बरं वाटायचं, मग हळू आवाजात घरातलं सगळं सांगायची. शेळी व्याली, सासूबाईंचं जेवण तुटलंय, तुमच्या भावाचा राग नाकावर असतो. त्यांच्या हयातीत त्यांनी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

वही मात्र खरी लिहायची. काट्यानं जे दाखवलं ते. आपल्या मनाचं काही घातलं नाही, असं मी मलाच समजावत होते.

मक्याला तुरे आले तसा वारा आणखी तापला. दिवसभर धुळीचा पडदा. दारं वाजायची, दोरीवरचे कपडे घडी घालेपर्यंत कडक व्हायचे, सासूबाईंच्या टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. माझे धाकटे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, त्यांचं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला. पाणी सुटलं की सगळ्यांचं भिजून झाल्यावर त्यांच्यापर्यंत पोचायचं. एरवी दहा दिवसांनी पाळी यायची. त्या खेपेला दहा झाले, बारा झाले, पाटकऱ्याच्या फळ्यावर सोळावा दिवस लिहिलेला.

भाऊजी सकाळी आले ते हातात मक्याचं एक पान घेऊनच. पानाची सुरळी झाली होती.

"वहिनी, हे सकाळी नऊचं आहे. दुपारचं नाही," ते म्हणाले. "तुमचा काटा काय सांगतो?"

मी म्हटलं, काटा बावीस सांगतो.

"बावीस कसे? गेल्या साली तीस होते. दादानं मला स्वतः दाखवलेत."

मी चहा ठेवायला आत गेले. त्यांनी चहा घेतला नाही. सासूबाई दाराशी बसून शेंगा निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या लुगड्याला डाव्या कमरेवर ओला डाग होता. तो रोजच सकाळी असायचा, भांडी घासताना भिजत असेल असं मी धरून चाललेले.

त्याच दिवशी शेवटच्या टोकाचे आठ-दहाजण पाटकऱ्याच्या खोलीवर गेले आणि मलाही बोलावणं आलं. खोली छोटी, बाकावर जागा नव्हती, मी दारातच उभी राहिले. पाटकरी म्हणाला, माझ्याकडे वरून जे लिहून येतं तेच मी फळ्यावर लिहितो, वर जातं ते वहिनींकडून. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कुणीतरी म्हणालं, काटा वाचणं हे काय भाजी मोजण्यासारखं आहे का. मग पाटकऱ्यानं भिंतीवरच्या उष्णतामापकाकडं बोट दाखवलं.

"वहिनी, राग मानू नका. एवढं वाचून दाखवा."

मी पुढं होऊन वाचलं. साडेएकेचाळीस. पाटकऱ्यानं चष्मा लावून बघितलं, बरोबर आहे म्हणाला, आणि हसायला टेकलेली तोंडं मिटली. माझे कान तापले होते. अपमान झाला म्हणून तापले असं सगळ्यांना वाटलं असेल. खरं म्हणजे मला तिथं उभ्या उभ्या कळून चुकलं होतं की ह्या माणसांचा मका माझ्या बारा किलोपायी वाळतोय. आकडा खरा होता, पण त्यातली जी गोष्ट मला माहीत होती ती मी गिळून बसले होते.

भाऊजी परतताना माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिले. एकदाही मागं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवावाल्या मॅडम स्वतः आल्या. त्यांची पद्धत अशी की आल्या आल्या आधी मातीत बोट खुपसतात, माणसांशी नंतर बोलतात. त्यांनी शेतातल्या मातीत बोट घातलं, टाकीतल्या मातीत घातलं. मग उठून मक्याकडं बघत राहिल्या. बाहेरचा मका सुरळ्या करून उभा होता, खालची पानं पिवळी. टाकीतला हिरवागार, पानं पसरलेली, कणसं भरायला लागलेली. रोज बघून माझी नजर मेली होती की मला बघायचंच नव्हतं, कोण जाणे. मॅडमच्या शेजारी उभं राहून बघितलं तेव्हा तो हिरवा चौकोन माझ्या डोळ्यांत खुपला.

त्या खाली उतरल्या. टाकीच्या बुडाशी एक नळी आहे, मातीतून पार झिरपून आलेलं पाणी तिच्यातून बाटलीत पडतं. बाटली अर्धी भरली होती.

"ह्या उन्हात खालपर्यंत पाणी पोचतंय, म्हणजे वरून येतंय," मॅडम म्हणाल्या. "कुणी पाणी घालतं का टाकीत?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझ्या मते कुणी पाणी घालत नव्हतं, येणारं माणूस येत होतं. मॅडमनी मला समजावलं, सूर्याकडून जमिनीला जी ऊब मिळते तिचे वाटे ठरलेले असतात, थोडी माती तापवायला जाते, थोडी हवा तापवायला, उरलेली पाणी उडवायला. इतक्या उन्हात पाणी उडत नसेल तर ती ऊब जाते कुठं? त्यांच्या संगणकाला महिनाभर तोच प्रश्न पडलेला, आणि दर वेळी त्या काट्यावर विश्वास ठेवून ऊन, वारा, मका सगळ्यांना खोटं पाडत होत्या. "तुमच्या मिस्टरांचा काटा कधी चुकला नव्हता म्हणून," असंही म्हणाल्या. मग पाटकऱ्याकडं मुक्कामाची सोय आहे, उद्या सकाळी पुन्हा येते आणि टाकी बाद करायची का ते ठरवते, असं सांगून गेल्या.

दिवसभर माझ्या हातून एक काम धड झालं नाही. करायचं काय ते मला माहीत होतं. पहाटे उठून बघायचं, बस्स. पन्नास दिवसांत मी ते एकदाही केलं नव्हतं. घर आणि टाकी ह्यांच्यात तीस पावलांचं अंतर, आणि मी दिवस उगवेपर्यंत कधी मागचं दार उघडलं नाही. भीती ह्यांची नव्हती. बघायला गेलं आणि तिथं कुणीच नसलं तर, ह्याची होती.

फटफटायच्या आधी मी उठले. सासूबाईंच्या अंथरुणाकडं न बघता बाहेर पडले, झाकण उचलून खाली उतरले आणि झाकण ओढून घेतलं. दिवा लावला, वजन संध्याकाळच्या आकड्यावर सरकवलं. दांडी सरळ झाली. म्हणजे अजून कुणी आलं नव्हतं. मी उकिडवी बसले आणि दांडीवर डोळे लावले. वारा पडला होता. नळीतून एक थेंब पडला, बऱ्याच वेळानं दुसरा. मी ह्यांना म्हटलं, आज मी आहे इथं, तुम्ही या.

दांडी खाडकन वर गेली.

 डोक्यावर माती दबल्याचा बारीक कुरकुर आवाज आला, पावलं टाकल्यासारखा. माझे हात सवयीनं वजनाकडं गेले. सरकवत सरकवत नेलं, दांडी सरळ झाली. त्रेपन्न किलो जास्त. मग मातीत पाणी पडल्याचा आवाज. सावकाश, धार न तुटू देता ओतलेलं. आणि त्याच्यावरून, लोखंडातून आणि मातीतून गाळून आल्यासारखा, सासूबाईंचा आवाज.

"पी बाळा. आज वेळेवर आणलंय."

जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "तू हाक मारलीस तेव्हा मी ऐकलं होतं रे. आणते म्हटलं आणि केस विंचरत बसले. ऐकलं होतं मी."

मग पाण्याचा आवाज थांबला, माती कुरकुरली आणि दांडी खाली आली. मी वजन मागं घेतलं. बारा किलो राहिले होते. कळशी भरून बारा लिटर, रोज तेवढंच, कारण कळशी रोज तीच.

मी तिथं किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. हे नव्हतेच. महिनाभर मी एका कळशीपुढं केस नीट करून बसत होते. रडू आलं ते ह्यांच्यासाठी आलं, आणि स्वतःची लाज वाटली म्हणूनही आलं. मग डोक्यात आकडे आपोआप जमले. त्रेपन्नातून बारा पाण्याचे, दोन पितळेच्या कळशीचे. राहिले एकोणचाळीस. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई दारातून आडव्या होऊन निघायच्या, असं सगळे चेष्टेनं म्हणायचे. बाई निम्मी झाली होती आणि एका घरात राहून, मातीचा किलो किलो मोजणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

घरात आले तर चूल पेटलेली. कमरेवर ओला डाग.  वही घेऊन बसले. वहीत एक रकाना आहे, वरून दिलेलं पाणी. पाळीच्या दिवसांखेरीज मी त्यात रोज आडवी रेघ मारली होती. त्या प्रत्येक रेघेच्या शेजारी मी बारा लिहिलं. पन्नासहून जास्त वेळा बारा लिहून हात दुखला. सासूबाईंनी चहाचा पेला माझ्यापुढं ठेवला आणि वहीकडं बघितलं. त्यांना अक्षर येत नाही, पण तोच आकडा खाली खाली उतरत गेलेला कुणालाही दिसतो.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हटलं.

त्या माझ्याजवळ खाली बसल्या. आम्ही दोघींनी चहा घेतला.

मॅडम आल्या तेव्हा भाऊजीही बरोबर होते, टाकीचा निकाल ऐकायला. मी वही पुढं केली आणि सगळं सांगितलं. माझं आधी सांगितलं, महिनाभर रात्रीत वजन वाढतंय हे मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. मग सासूबाईंचं. चाळीस मिनिटांचं नाव मी काढलं नाही, पण मॅडमना ते लगेच उमगलं असावं, कारण त्या वही हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. आकडा लगेच सांगायचा नसतो हे त्या दिवशी त्यांनी शिकून घेतलं.

भाऊजी मात्र उभेच होते. त्यांनी आईकडं बघितलं.

"तो गेला, आई. मी आहे ना," ते म्हणाले. "माझं सगळं शेत वाळलं, तुझ्या एका कळशीनं."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागला. सासूबाईंना कळशीचा आणि कालव्याचा काय संबंध ते अजूनही नीट कळलं नव्हतं. त्या एकदा भाऊजींकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. एवढंसं पाणी तर होतं, असं काहीतरी पुटपुटल्या. भाऊजी बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

मॅडमनी तिथंच मांडीवर संगणक उघडला. रोजच्या वाचनात बारा मिळवत गेल्या. तेवीस, सव्वीस, तीस, एकतीस. मान डोलावत होत्या, ऊन आणि काटा जुळत होते. शेवटच्या आठवड्यावर त्या थांबल्या. चौतीस, पस्तीस. उन्हातून जेवढी ऊब मिळते तिच्यात एकतीसच्या वर पाणी उडूच शकत नाही, त्या म्हणाल्या. तरी टाकीतून पस्तीस गेलंय.

"म्हणजे कुणीतरी प्यालंय," सासूबाई म्हणाल्या.

मॅडम हसल्या नाहीत. त्या सासूबाईंच्या शेजारी सरकल्या आणि मला सांगतात तसंच त्यांनाही सांगितलं. चहूकडं सगळं कोरडं पडलं आणि मधे एकच जागा ओली राहिली, की आजूबाजूच्या शेतांवरून तापून आलेला वारा आपली सगळी ऊब त्या एका जागेवर खर्च करतो. सूर्य जेवढं मागतो त्याहून जास्त पाणी मग तिथून जातं. त्या एकट्या ओल्या जागेला सगळ्या रानाची तहान भागवावी लागते. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला मात्र ऐकताना वाटलं की मॅडम मातीबद्दल बोलत नाहीत, आमच्या घराबद्दल बोलतायत.

टाकी बाद झाली नाही. काट्याचं आणि माझं काय करायचं ते हंगाम संपल्यावर बघू, असं मॅडम म्हणाल्या. पाळी मात्र त्याच दुपारी सुटली. पाटकऱ्यानं फळा पुसला आणि कालव्याचं दार उचललं. ह्या खेपेला पाणी आधी शेवटच्या टोकाला द्यायचं असं मॅडमनी लिहून दिलेलं. भाऊजींचा निम्मा मका तोवर हातचा गेला होता, तो पाण्यानं परत येणार नव्हता. उरलेल्या निम्म्याला ते फावडं घेऊन पाणी दाखवत होते.

टाकीत पाणी घालायचं नाही, हे सासूबाईंना कुणीच सांगितलं नाही. सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागीच होते. त्या उठल्या, कळशी भरली, कमरेवर घेतली आणि मागच्या दारात थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग वळून पुढच्या दारानं बाहेर पडल्या. मी दारात येऊन बघितलं. कमरेतून वाकलेली ती म्हातारी कालव्याच्या कडेकडेनं चालली होती, रात्रभर पाणी धरून बसलेल्या भाऊजींच्या शेताकडं. तिथं बांधाशी पाणीच पाणी वाहत होतं. भाऊजींनी त्यांना येताना बघितलं, फावडं चिखलात रोवलं आणि उभे राहिले. मग कळशी तोंडाला लावून ते प्याले. किती तहान होती कोण जाणे, पण कळशी खाली ठेवेनातच.

त्यानंतर रोज सकाळी त्या तिकडंच जातात. माझे आकडे ह्यांच्या आकड्यांसारखे यायला लागले. अठ्ठावीस, एकोणतीस. संध्याकाळचं जास्तीचं वाचन घ्यायची सवय मात्र सुटली नाही. संध्याकाळी जेवढं, सकाळी तेवढंच, नाहीतर किलोभर कमी. सगळं जिथल्या तिथं. मी आता केस तसेच ठेवून शिडी उतरायची.

पाळी सुटून नऊ दिवस झाले होते. सकाळी खाली गेले, वजन संध्याकाळच्या आकड्यावर ठेवलं. दांडी वर होती. सरकवून बघितलं. एक किलो जास्त.

मी दिवा जवळ धरून पुन्हा वाचलं. एकच किलो. वर आले तेव्हा उजाडत होतं. सासूबाई कळशी घेऊन कालव्याच्या वाटेला लागलेल्या मला लांबवर दिसत होत्या, टाकीच्या मातीवर पावलांची खूण नव्हती. रानं भिजली होती, वारा पडला होता, दव पडलेलं असू शकतं. मक्याची पानं माझ्या खांद्याशी होती. त्यांच्यावरून नुसता हात फिरवला असता तरी कळलं असतं, ओली आहेत की कोरडी.

मी हात फिरवला नाही. एका किलोनं कुणाचं शेत वाळत नाही. वही उघडली, आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, दव.